वडी जमते ती पाकावर!

ओट्स-मधाचे बार घरी करणाऱ्यांची तक्रार दोनपैकी एक असते. भुगा झाला, नाहीतर दगड झाला. दोष ओट्सचा नाही आणि मधाचाही नाही. ज्या घरात चिक्की आणि रव्याचे लाडू होतात, तिथे खरं कारण लगेच कळतं: पाक चुकला!

निम्मा पाक तर मधमाशीच करून देते. फुलातल्या मकरंदात ७०-८० टक्क्यांपर्यंत पाणी असू शकतं. पोळ्यातल्या कामकरी माश्या पंखांनी वारा घालून ते २० टक्क्यांच्या आसपास आणतात, मगच कप्प्यावर मेणाचं झाकण बसतं. उरलेलं पाणी आपण गॅसवर आटवायचं.

अर्धी वाटी मध, पाव वाटी चिरलेला गूळ आणि दोन मोठे चमचे तूप जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा. आधी मोठे, चपळ बुडबुडे येतात, मग ते बारीक आणि दाट होतात. आता वाटीभर गार पाण्यात एक थेंब सोडा. बोटांनी मऊ गोळी वळली की लगेच गॅस बंद! हे साधारण ११५ अंश सेल्सिअस. आच तशीच चालू ठेवून १५० अंशांकडे गेलात, तर थेंब कडक होतो आणि मोडताना कट्‌ आवाज येतो. तो झाला चिक्कीचा पाक. म्हणजे मऊ बार आणि चिक्की यांच्यात अंतर आहे ते जेमतेम ३५ अंशांचं.

आपल्या सह्याद्रीतल्या सातेरी माश्यांचा मध बऱ्याचदा जरा पातळ असतो, त्याला दोन मिनिटं जास्त द्यावी लागतात. मात्र चव अशी की तेवढी वाट आनंदाने पाहावी. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं; त्या डोंगरांतला जांभळाचा मध मिळाला तर सोडू नका.

पाकात आता दोन वाट्या कोरडे भाजलेले ओट्स, पाऊण वाटी दाण्याचा जाडसर कूट, तीळ आणि चिमूटभर मीठ घाला. तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडाने जोर लावून दाबा. इथे हात हलका पडला तर भुगा ठरलेलाच. वड्या मात्र पूर्ण गार झाल्यावरच कापा.

चपटे ओट्स कच्चे नसतात, हे ठाऊक होतं? ओट्समध्ये स्निग्धांश भरपूर. तो खवट करणारं विकर निकामी व्हावं म्हणून दाणे कारखान्यातच वाफवतात आणि मग रुळांखाली चपटे करतात. आपण भाजतो ते खमंगपणासाठी.

ओव्हनमध्ये करणार असाल तर १६० अंशांच्या वर जाऊ नका. मधातली फळसाखर साध्या साखरेच्या कितीतरी आधी करपते. पण हीच फळसाखर हवेतलं पाणी ओढून धरते, म्हणून बार मऊ राहतात. आणि म्हणूनच पावसाळ्यात डबा घट्ट लावायचा.

मध तापवू नये, असं आयुर्वेद सांगतो. ज्यांच्या घरी हे पाळतात त्यांनी पाकाच्या जागी बिनबियांचा खजूर वाटून घ्यावा, मध शेवटी कालवावा आणि ताट फ्रीजमध्ये ठेवावं. झकास होतात! एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कोणत्याही रूपात देऊ नये, तापवलेलासुद्धा नाही. त्यातल्या जिवाणूंचे सुप्त बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत.

सूर्यफुलाच्या बिया घालून ओव्हनमध्ये भाजताना मिश्रणात खायचा सोडा पडला, तर बार आतून चक्क हिरवे निघू शकतात. बियांतल्या क्लोरोजेनिक आम्लाची ही करामत. बिनधास्त खा, बुरशी नव्हे ती.