पाणी सरकारचे, मासा कुणाचा?

बोदवड तालुक्याला पाण्याची श्रीमंती कधी लाभली नाही. परंतु पाऊस लागून राहिला, की नाले वाहू लागतात, पाझर तलाव तुडुंब होतात आणि काठीच्या टोकाला धारदार सळई बांधून मुले-माणसे गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली दिसतात. उत्तरेकडे चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर हतनूर धरणाचे पाणी पसरलेले असते. तेथे जाळे टाकणाऱ्यांबरोबर भाला घेतलेला एखादाही असतो. त्याला कोणी हटकले, की तो एकच प्रश्न विचारतो, ‘पाणी सरकारचे, म्हणजे सर्वांचेच ना?’ हटकणाराही तितक्याच ठामपणे सांगतो, ‘मासे मारणे गुन्हा आहे.’ वस्तुतः दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि कायद्याच्या बाबतीत अर्धे ज्ञान भोवते ते नेहमी गरिबालाच.

माशांसंबंधीचा आपला कायदा कसा जन्मला, हे पाहिले म्हणजे त्याचा रोख ध्यानी येतो. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८७३ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या माशांविषयी सरकारला अहवाल सादर केला. अंड्यांवरील माशांचा आणि पिल्लांचा सर्रास संहार चालला आहे, ही त्याची मुख्य तक्रार होती. पुढे १८९७ साली भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम झाला. त्याच्या चौथ्या कलमाने पाण्यात सुरुंग वा अन्य स्फोटक वापरून मासे मारण्यास बंदी केली. पाचव्याने विष, चुना किंवा तत्सम घातक द्रव्य पाण्यात टाकण्यास. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. सहाव्या कलमाने सरकारला ठरावीक पाण्यापुरते नियम करण्याचा अधिकार दिला: जाळ्याचा प्रकार व आकार ठरवावा, प्रवाहात रोवलेले सापळे व बांध रोखावेत, आणि गरज पडल्यास एखाद्या पाण्यातील मासेमारी दोन वर्षांपर्यंत पूर्ण बंद ठेवावी. महाराष्ट्राने १९६० साली या विषयावर स्वतःचा अधिनियम केला. त्याचाही उद्देश मत्स्यधनाचे रक्षण हाच आहे.

या मूळ कायद्यात भाल्याचे नावही नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विहिरीसाठी आणलेली जिलेटिनची कांडी डोहात फुटली, की बोटभर पिल्लू आणि हातभर मासा एकाच वेळी उलटे होऊन तरंगतात. शेराचा चीक वा फवारणीचे औषध ओतले, तर खालच्या वस्तीचे पिण्याचे पाणीही नासते. भाला मात्र डोळ्यांना दिसलेला एकच मासा टिपतो. साहजिकच कायद्याचा राग आंधळ्या साधनांवर आहे. इंग्लंडने १९७५च्या आपल्या मत्स्य कायद्यात भाल्याचेही नाव निषिद्ध साधनांच्या यादीत स्पष्टपणे घातले; आपल्याकडे तसे घडले नाही. तथापि याचा अर्थ भाल्याला सर्वत्र मोकळे रान आहे, असा मात्र नव्हे. पावसाळ्यात अंड्यांनी जड झालेली मादी उथळ पाण्यात चढते, तेव्हा भाल्याचा एक घाव पुढची पिढी संपवतो. गढूळ पाण्यात मासा समजून मारलेला भाला मऊ पाठीच्या कासवात घुसला, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम आड येतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. आणि भाला टाकून कोणी विजेच्या तारेवर आकडा टाकला व प्रवाह पाण्यात सोडला, तर जिवाचा धोका तर आहेच; शिवाय २००३च्या विद्युत अधिनियमान्वये वीजचोरीबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता खरा प्रश्न. साधन निर्दोष असले, तरी पाणी कुणाचे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या विसाव्या कलमानुसार नद्या, नाले, तलाव आणि कुणा व्यक्तीच्या मालकीचे नसलेले सर्व साचलेले व वाहते पाणी राज्य शासनाच्या मालकीचे आहे. शासन यांपैकी अनेक तलाव व जलाशय मासेमारीसाठी, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना, ठेक्याने देते. संस्था रक्कम भरते, बीज सोडते, राखण करते. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली चिल्का सरोवरासंबंधीच्या आनंद बेहेरा खटल्यात स्पष्ट केले, की पाण्यातून मासे धरून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेतील लाभ आहे. शंभर रुपयांहून अधिक किमतीचा असा हक्क तोंडी कराराने मिळत नाही, त्यासाठी लेखी व नोंदणीकृत दस्त हवा. म्हणजे ठेक्याच्या तलावात भाला मारणारा ‘सरकारच्या’ पाण्यात नव्हे, तर दुसऱ्याच्या हक्कात हात घालतो. खाजगी शेततळ्यात तर मासे मालकाच्या ताब्यातच असतात. तेथे प्रश्न सरळ चोरीचा होतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सातपुड्याच्या कुशीत भिल्ल आणि पावरा बांधव मासळीवर पिढ्यान् पिढ्या जगत आले. २००६च्या वनहक्क कायद्याने वनवासींच्या सामूहिक हक्कांत पाणवठ्यांतील मासळीचा उल्लेख नावानिशी केला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ओजिब्वे आदिवासींचा भाल्याने मासे मारण्याचा हक्क १८३७ व १८४२च्या तहांत राखलेला असल्याचे तेथील संघीय न्यायालयाने १९८३ साली मान्य केले. तरीही पुढे कित्येक वर्षे तलावाच्या काठावर त्यांना जमावाच्या शिव्या आणि दगड सोसावे लागले. कागदावर मान्य झालेला हक्क काठावरच्या लोकांना पटलेला नसला, की असेच घडते.

बोदवडच्या तलावावरचा तंटा त्यामानाने लहान आहे, पण त्याचे मूळ तेच आहे: नियम आहेत, ते वाचलेले मात्र कुणी नाहीत. तलाव कुणाच्या ठेक्यात आहे, ठेका केव्हा संपतो, पावसाळ्यात कोणते महिने बंदीचे, घरच्या जेवणापुरता मासा धरणाऱ्याला मुभा आहे की नाही, हे सांगणारी एक मराठी पाटी काठावर लावण्यास कितीसा खर्च येतो? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमाने शासकीय कार्यालयांवर अशी माहिती न मागता प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. ती पाटी लागेपर्यंत गावातील शिक्षकाने आणि कारकुनाने ठेक्याच्या अटींची प्रत मागवून ती ग्रामसभेत वाचून दाखवावी, एवढे तरी सहज करता येईल. सुरुंग लावणारा कायदा ठाऊक असून रात्रीच्या अंधारात येतो. भाला घेतलेला पोर भर दिवसा, सर्वांच्या देखत पाण्यात उतरतो. कारण आपण काही चुकीचे करीत आहोत, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. त्याला पकडण्यापूर्वी ते सांगणे हे समाजाचे काम आहे.