टनामागे दहा रुपये
उद्याचं काम : लेखांक 6

मागच्या आठवड्यात आपण लातूरच्या आडत बाजारात मापाड्यापाशी थांबलो होतो. काटा इलेक्ट्रॉनिक झाला, वजन आपोआप उमटायला लागलं, मग तोलाई कशाची? याच वादात एप्रिल 2024 मध्ये नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे बाजार बंद पडले होते. आज बाजारातून उसाच्या फडात जाऊ.

दिवाळीच्या आगेमागे नांदेडच्या कंधार, मुखेड, लोहा भागातून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल अंगावर असते. इथे मोजदाद माणसांची नाही, कोयत्यांची. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा आला तर अर्धा कोयता. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मिळून तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 वर गेला. जोडीने दिवसाला दोन टन ऊस पाडला तर 732 रुपये, तेही दोघांत, आणि त्यातूनच उचल फिटायची.

हार्वेस्टर दिवसाला शंभर टनांच्या पुढे जातो. म्हणजे पन्नास कोयते. यंत्राची किंमत कोटीच्या घरात. 2023 च्या योजनेत त्यावर 40 टक्के किंवा जास्तीत जास्त 35 लाख अनुदान होतं. ते अर्थातच यंत्र घेणाऱ्याला.

कोयता गेला म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. पोरांची शाळा दर हंगामाला मोडते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण इतकं गाजलं, की 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. हे काम यंत्राने केलं तर बरंच. पण जाताना ते काय काय घेऊन जातं, तेही बघावं. दिवसभर तोडणी झाली की बाई वाढ्याच्या पेंढ्या बांधते आणि जनावरंवाल्यांना विकते. मुकादमाच्या वहीत न चढणारा हा पैसा. त्यातूनच तेल-मीठ येतं. हार्वेस्टर वाढ्याचा भुगा करून रानात फेकतो. शेतकऱ्याचं रान लवकर मोकळं होतं खरं, पण पाचटापोटी त्याच्या वजनातही कपात लागते.

मग यंत्राचा फायदा वाटायचा कसा? माथाडी कायदा 1969 चा, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. त्यात व्यापारी हमालाच्या मजुरीवर टक्केवारीने लेव्ही भरतो. भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा त्यातून. कल्पना नामी, पण लेव्ही मजुरीच्या दावणीला बांधलेली. मजुरी आटली की लेव्ही आटली. मापाड्याचं घोडं पेंड खातं ते इथेच.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची आकारणी वेगळी. गाळप झालेल्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्याने द्यायचे, तेवढेच सरकारने. ऊस कोयत्याने तोडला की यंत्राने, हे कारखान्याचा वजनकाटा विचारत नाही! माणूस फडातून उठला तरी टन जागेवर राहतो, आणि टनाबरोबर दहा रुपयेही. पाच लाख टन गाळणारा कारखाना धरा. त्याचे 50 लाख, सरकारचे 50 लाख, मिळून एक कोटी. एका हार्वेस्टरची किंमत. ही आकारणी करणाऱ्यांच्या मनात यंत्र असेल असं मला वाटत नाही, पण भलत्याच हेतूने योग्य खुंटी ठोकली गेली.

घोळ आहे तो पैसा बाहेर पडण्याच्या दारात. लाभासाठी ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र लागतं. ते ग्रामसेवकाने द्यायचं, आणि तोडीला जाणाऱ्याला. संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत तीही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी. आता मुखेडकडची एखादी जोडी धरा. हार्वेस्टर आला, मुकादमाने दोन हंगाम उचल दिली नाही, नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर, बायको गावात निंदणी-खुरपणीला. यंत्राने तोडलेल्या टनाचे दहा रुपये जमा झालेले. आणि मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज भरताना ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात त्यांनी काय लिहायचं?