मुंबईच्या तलावांतून अटलांटिकच्या तळाशी

बहुतेक स्पंजांच्या देहात सिलिकेचे सुईसारखे सूक्ष्म कंटक असतात, आणि त्यांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पारखल्यावाचून नवी जाती सहसा निश्चित होत नाही. ही पारख मुंबई इलाख्याच्या लष्करात शल्यवैद्य असलेल्या हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई बेटावरील तलावांच्या काठी साधली आणि तेथील गोड्या पाण्यातल्या स्पंजांचे सविस्तर वर्णन १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. तलाव आटला की स्पंज मरतो, परंतु त्याच्या देहात सिद्ध झालेल्या, मोहरीहून लहान, कठीण कवचाच्या बीजकळ्या उन्हाळाभर तग धरतात व पावसाचे पाणी मिळताच नवा स्पंज घडवितात, हे केवढे नवल! मायदेशी परतल्यावर कार्टर यांनी ‘पॉर्क्युपाइन’ जहाजाने अटलांटिकच्या खोल तळातून उपसलेल्या स्पंजांचे वर्णन १८७४ व १८७६ मध्ये केले. मुंबईच्या एका स्पंजाला स्पंजांचे अभ्यासक बॉवरबँक यांनी त्याआधीच, १८६३ मध्ये, कार्टर यांचे नाव दिले होते.