गावाचे रान आणि घरचे बी

हदगाव तालुक्यातील शेतकऱ्याने मृग निघण्यापूर्वी बियाण्यासाठी बाजाराची वाट धरावी, ही पद्धत फार जुनी नाही. ज्वारीची निवडक कणसे आढ्याला टांगलेली, मूग, उडीद व तूर राखेत घोळून मडक्यांत भरलेली, दोडका व भोपळा यांचे बी शेणाच्या गोवरीत थापून भिंतीला लावलेले, हे दृश्य दोन पिढ्यांपूर्वी घरोघरी दिसत असे. हे काम बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करीत. कोणते कणीस बियाण्याला ठेवावयाचे आणि कोणते जात्याकडे जाऊ द्यावयाचे, याचा निर्णय त्यांचा असे.

पुढे संकरित वाण आले. ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण १९६४ साली प्रसारित झाला. कापसाच्या संकरित वाणांनी नांदेड जिल्ह्यात चांगला जम बसविला, आणि नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा वाण दूरवर पोहोचला. २००२ साली बीटी कापसाच्या लागवडीस देशात मान्यता मिळाली. या वाणांनी उत्पन्न वाढविले, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संकरित वाणाचे बी दुसऱ्या वर्षी पेरले असता झाडे एकसारखी येत नाहीत व जोम उतरतो. त्यामुळे दरवर्षी नवे बी घेणे ओघानेच येते. बी राखण्याची सवय एकदा सुटली की, ज्या पिकांत ती सोडण्याचे कारण नव्हते त्या पिकांतही ती सुटते. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. त्याचे घरचे बी दोन-तीन वर्षे सहज वापरता येते. तरीही २०२० च्या खरिपात मराठवाड्यात विकतचे सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या, तेव्हा अनेकांच्या घरी दुबार पेरणीपुरतेही राखीव बी नव्हते.

रानाची गोष्ट थोडी निराळी, पण वळण तेच. पैनगंगेच्या काठचा काळ्या जमिनीचा पट्टा सोडून हिमायतनगर, किनवट व माहूर यांच्या दिशेने गेले म्हणजे साग, धावडा, सालई, मोह, टेंभुर्णी आणि पळस यांची राने लागतात. आंध, गोंड व कोलाम समाजांचा आणि बंजारा तांड्यांचा या रानाशी रोजचा संबंध आहे. हे रान आपले नव्हे, ते सरकारचे, अशी भावना झाली की त्याला राखण उरत नाही. आणि राखण नसलेले रान फार काळ टिकत नाही.

कायदेभंग आणि रानाची राखण

पैनगंगेच्या पलीकडे पुसद येथे १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून जंगलाचा कायदा मोडला. त्याच वर्षी सांगलीकडील बिळाशी, उरणजवळील चिरनेर अशा ठिकाणीही जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला २५ सप्टेंबर रोजी गोळीबारही झाला. हदगाव त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात १९४७ साली लढा सुरू झाला तेव्हा शिंदीची झाडे तोडणे हा त्याचा एक कार्यक्रम होता, कारण शिंदीवरील अबकारी करातून निजामाच्या खजिन्यात पैसा पडत असे. झाडे तोडून सत्याग्रह करावा, ही गोष्ट आज वाचणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. पण गवत कापणाऱ्याचा व शिंदी तोडणाऱ्याचा प्रश्न एकच होता : रानावर हुकूम कोणाचा?

पुढे या प्रश्नाला दुसरे उत्तर मिळाले. मार्च १९७४ मध्ये गढवालातील रेणी गावी गौरादेवी व त्यांच्यासोबतच्या स्त्रिया ठेकेदाराच्या कुऱ्हाडीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी झाडे वाचविली. चिपको म्हणून ही चळवळ प्रसिद्ध आहे. त्याच चळवळीतील कार्यकर्ते विजय जड़धारी यांनी १९८० नंतरच्या काळात टिहरी भागात बियाणे वाचविण्याचे काम हाती घेतले. झाडे वाचविणारी माणसेच बियाण्याकडे वळली, यात योगायोग नाही. रान आणि शेत यांच्यामधील बांध माणसाने घातलेला आहे. मधमाशी तो मानीत नाही, ओढ्याचे पाणीही मानीत नाही. तुरीच्या काही संकरित वाणांसाठी लागणारे नरवंध्यत्व तुरीच्या रानटी भाईबंदांकडूनच मिळाले आहे. ज्याला आपण झुडूप म्हणून तोडतो, ते उद्याच्या पिकाचे गोत्र असू शकते.

महाराष्ट्रात गावाने रान राखण्याचे सर्वांत परिचित उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे आहे. देवाजी तोफा हे त्या गावातील प्रमुख कार्यकर्ते, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे दीर्घकाळचे सहकारी. गावाने अभ्यासगट नेमले, ग्रामसभेत निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करण्याचा नियम पाळला आणि रानाच्या राखणीचे नियम स्वतः ठरविले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावची. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हक्काचा कागद हाती येण्याच्या वीस वर्षे आधीपासून गाव राखण करीत होते, हे येथे विसरून चालणार नाही. कागद आधी आणि राखण मागाहून असे झाले, तर बहुधा कागद पेटीतच राहतो.

ज्या कायद्याखाली हा हक्क मिळतो तो २००६ सालचा वनहक्क कायदा होय. त्यात वैयक्तिक हक्काचा दावा आणि सामूहिक वनसंपत्तीवरील हक्काचा दावा हे दोन निराळे आहेत. गावात पहिल्याचीच चर्चा अधिक होते, म्हणून दुसरा मागे पडतो. सामूहिक हक्कात बांबू, तेंदूपान, मोह, मध यांसारख्या गौण वनोपजाची मालकी तर आहेच, शिवाय रानाचे रक्षण व पुनरुज्जीवन करण्याचा अधिकारही आहे. दावा ग्रामसभेत मांडावयाचा, तेथून तो उपविभागीय समितीकडे व नंतर जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ग्रामसभेस किमान निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक-तृतीयांश तरी स्त्रिया असाव्या लागतात. ही अट पुष्कळदा कागदावरच पुरी केली जाते, आणि पुढे तपासणीत तोच दावा अडतो. अनुसूचित जमातींखेरीज इतर रहिवाशांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. त्यासाठी जुने दस्तऐवज आणि वृद्ध माणसांचे जबाब आधीच जमवून ठेवणे इष्ट होय. निजामी अमदानीतील कागद बहुधा उर्दूत आहेत. ते वाचणारा माणूस गाठण्यास वेळ लागतो.

दुसरे नांदेड

नांदेड नावाचे एक लहान गाव चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यास १९८३ साली आपल्या ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे त्यांतून निवड करीत बारीक तांदळाचा एक वाण उभा केला. त्या वेळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाच्या नावावरून तो ‘एचएमटी’ म्हणून बाजारात ओळखला जाऊ लागला. पुढे तो अनेक राज्यांत गेला. जून २०१८ मध्ये खोब्रागडे यांचे निधन झाले. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. वेगळे दिसले ते वेगळे ठेवण्याची सवय मात्र होती.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे काम याहून वेगळे आहे. त्यांनी नवा वाण काढला नाही. वाल, घेवडा, भात, नागली आणि पालेभाज्या यांचे जे जुने वाण नाहीसे होत चालले होते ते बाएफ संस्थेच्या साहाय्याने गोळा केले, पेरले आणि वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी नेणाऱ्याने पीक आल्यावर दुपटीने परत करावे, असा त्यांच्या बीजबँकेचा शिरस्ता आहे.

गावरानी कापसाचा प्रश्न

नांदेड जिल्ह्याने राखावे असे एखादे बी असेल तर ते गावरानी कापसाचे होय. देशी कापसात लांब व मऊ धाग्यासाठी नांदेडचा गावरानी नावाजलेला होता. त्यातूनच गावरानी ६, गावरानी ४६ असे सुधारलेले वाण निवडले गेले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुढे पीए २५५, पीए ४०२ असे देशी सरळ वाणही दिले. तथापि आज हदगावच्या शिवारात देशी कापसाचे तास शोधावे लागेल.

देशी कापूस कमी पाण्यात तग धरतो आणि तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींना सहसा दाद देत नाही. त्याची बोंडे लहान असतात व फुटल्यावर कापूस गळून मातीत पडतो, म्हणून वेचणी वेळच्या वेळी करावी लागते. मजुरीच्या हिशोबात तो येथे मागे पडतो, हे उघड आहे. म्हणून सगळ्या शेतात तोच लावावा, असा सल्ला कोणी देणार नाही. परंतु हलक्या जमिनीच्या तुकड्यावर पाच-सहा गुंठे राखण्यास हरकत नसावी.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते : आजूबाजूस सर्वत्र बीटी कापूस असता देशी बी शुद्ध कसे राहील? याचे उत्तर समाधानकारक आहे. देशी कापसाच्या पेशीत २६ रंगसूत्रे असतात, तर अमेरिकन जातीच्या कापसात ५२. या दोहोंचा संकर आपोआप होणे फार कठीण, आणि झालाच तर ते झाड वांझ निघते. म्हणजे शेजारच्या बीटी कापसाचे परागकण देशी बी बिघडवीत नाहीत. धोका दुसऱ्या देशी वाणापासून असतो. त्यापासून ५० मीटर अंतर ठेवले म्हणजे पुरे. खरी भेसळ शेतात होत नाही, ती जिनिंगमध्ये होते. आदल्या गाडीची सरकी यंत्रात राहिलेली असते आणि ती आपल्या सरकीत मिसळते. थोडा कापूस असल्यास तो घरच्या रेच्यावर अगर हातांनीच सोडवावा.

बियाण्यासाठी निरोगी व जातिवंत अशी ४०-५० तरी झाडे हेरून त्यांस चिंधी बांधावी. दोन-चार उत्तम झाडांचेच बी घेण्याचा मोह होतो, पण त्यामुळे वाणातील विविधता घटते व पुढे जोम कमी होतो. शेवटच्या वेचणीचा आणि पावसात भिजलेला कापूस बियाण्यास घेऊ नये. सरकी उन्हात चांगली वाळवावी आणि पेरणीच्या वेळी शेणमातीत चोळावी, म्हणजे तंतू चिकटून राहत नाहीत व बी मोकळे पडते.

ज्वारीचे तसे नाही. ज्वारीत थोडे परपरागसिंचन होते, म्हणून मालदांडी, दगडी यांसारखा वाण राखणाऱ्याने दुसऱ्या ज्वारीपासून २०० मीटर अंतर ठेवावे, किंवा शेताच्या मध्यभागातील कणसे निवडावी. फुलोऱ्यापूर्वीच उंच, बुटकी व निराळ्या पानांची झाडे उपटून टाकावी. फुलोरा झाल्यावर उपटून उपयोग नाही. मूग व उडीद यांस एवढी काळजी लागत नाही. तुरीवर मधमाश्या फार येतात. तिचे बी शुद्ध राखणे सर्वांत कठीण.

भाज्यांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. तामशाच्या बारालिंग देवस्थानात संक्रांतीनंतर करीच्या दिवशी भाजी-भाकरीची पंगत बसते आणि गावोगावच्या भाज्या एकाच कढईत पडतात. त्या दिवशी कोणत्या गावाहून कोणती भाजी आली व तिचे बी घरचे की विकतचे, एवढे कोणी टिपून ठेवले तरी तालुक्यातील भाजीपाल्याच्या वाणांची पहिली यादी तयार होईल. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक गावात जी नोंदवही ठेवावयाची आहे, तिच्यात ही माहिती जावी. अनेक ठिकाणी या वहीत झाडांची नावे आहेत, पण पिकांचे वाण आणि ते राखणारी घरे यांची पाने कोरी आहेत.

शेतकऱ्याने बी राखले, पेरले, शेजाऱ्यास दिले वा विकले तर तो गुन्हा ठरत नाही. पिकांच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यासंबंधीच्या २००१ च्या कायद्याने हा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही, एवढीच मर्यादा. शेतकऱ्यांस आपल्या वाणाची नोंदणीही याच कायद्याखाली करता येते.

उगवण तपासणे

राखलेले बी उगवेल की नाही, हे पेरणीच्या पंधरा दिवस आधी पाहावे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळावा व त्यावर शंभर बिया दहा-दहांच्या दहा ओळींत मांडाव्या. वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी व रोज पाणी शिंपडावे. सातव्या-आठव्या दिवशी उघडून निरोगी अंकुर मोजावे. सोयाबीनचे शंभरात ७०, ज्वारी, तूर व मूग यांचे ७५ आणि कापसाचे ६५ अंकुर आल्यास बी पेरण्यास योग्य समजावे. सोयाबीनचे साठ ते सत्तर आल्यास पेरणीचे प्रमाण थोडे वाढवावे. साठाहून कमी आल्यास ते बियाणे म्हणून वापरू नये. बी गोळा केल्यापासून पेरेपर्यंत कोरडे ठेवणे, हे उगवणीचे निम्मे काम होय. कडधान्याचे बी राखेत अगर वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यात ठेवून मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपावे. सोयाबीनचे पोते उंचावरून आपटू नये. त्याचे टरफल नाजूक असते आणि गर्भाला इजा झाली तर बाहेरून ती दिसत नाही. घरातील निराळ्या ठिकाणी दोन मडकी ठेवावी, आणि तिसरे शेजारच्या गावी नात्यातल्या कोणाकडे.