पेल्यातलं दुसरं पाणी

उन्हाळ्यात घरी कुणी आलं की आमच्याकडे कोकम सरबत होतं. एक भाग कोकमाचा पाक, पाच भाग पाणी, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. पातेल्यातलं सरबत चमच्याने चाखून बघायचं, जमलं असं वाटलं की पेल्यांत ओतायचं आणि वरून चार-चार खडे बर्फ. ज्याने पेला हातात येताच तोंडाला लावला, तो तृप्त होतो. जो गप्पांत रमला, त्याच्या वाट्याला दहा मिनिटांनी फिकट गुलाबी पाणी येतं. पाक तोच, करणारा हातही तोच. फरक पडला तो पाण्यात.

सरबतात आपण पाणी दोनदा घालतो. पहिल्यांदा भांड्याने मोजून, दुसऱ्यांदा बर्फाच्या रूपात, न मोजता. हे दुसरं पाणी किती, कधी आणि कसलं, यावर पेयाची चव ठरते. ते समजून घेतलं तर बर्फ नुसता गार करणारा राहत नाही. साखर-मिठासारखाच तोही एक जिन्नस होतो.

शाळेत शिकलेला ‘अप्रकट उष्मा’ इथे कामाला येतो. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने बदलायला एक कॅलरी उष्णता लागते. फ्रीझरमधला बर्फ साधारण उणे १८ अंशांवर असतो. तिथून शून्यापर्यंत येताना एक ग्रॅम बर्फ जेमतेम ९ कॅलरी उष्णता शोषतो. पण शून्यावर आल्यावर वितळताना तोच ग्रॅम तब्बल ८० कॅलरी ओढून घेतो. म्हणजे पेयाला येणारा गारवा जवळजवळ सगळा बर्फाच्या वितळण्यातून येतो. न वितळता गार करणारा बर्फ नसतो. स्टीलचे किंवा दगडाचे ठोकळे गोठवून पेल्यात टाकण्याची टूम निघाली आहे. पाणी होत नाही हा त्यांचा गुण सांगितला जातो, पण नेमकं त्याचमुळे ते फारसं गारही करू शकत नाहीत.

आता आपल्या पेल्याचा हिशोब मांडू. २०० मिली सरबत, दुपारचं ३२ अंशांचं. ते ५ अंशांवर आणायचं तर सुमारे ५४०० कॅलरी काढून घ्याव्या लागतील. फ्रीझरमधला एक ग्रॅम बर्फ शून्यावर येऊन, वितळून, पुढे ५ अंशांचं पाणी होईपर्यंत ९४ कॅलरी घेतो. म्हणजे साधारण ५७ ग्रॅम बर्फ वितळणार. दोनशे मिलीत सत्तावन्न मिली पाणी, पाव भागाहून जास्त! पातेल्यात चाखलेलं सरबत आणि पाहुण्याने प्यायलेलं सरबत ही दोन वेगळी सरबतं झाली. पाचास एक हे प्रमाण पिताना हवं असेल, तर पातेल्यात एक भाग पाकाला साडेतीन-पावणेचार भागच पाणी घालायला हवं. उरलेलं बर्फ घालेल.

दुसरा मार्ग माठातून जातो. माठाचं पाणी २२ अंशांचं असेल तर तेवढ्याच सरबताला ३६ ग्रॅम बर्फ पुरतो. फ्रिजमधलं १० अंशांचं पाणी घेतलं तर दहा-अकरा ग्रॅमच. गारव्याचं एक-तृतीयांशाहून जास्त काम माठावर सोपवलं की बर्फाच्या वाट्याला कमी उरतं आणि चव टिकते. नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या हवेत माठ हे काम फार चांगलं करतो, कारण त्याच्या अंगावरचं पाणी भराभर उडून जातं. कोकणात हवेतच इतका ओलावा असतो की माठ पाझरला तरी पाणी उडायला जागा नसते.

हाच दमटपणा पेल्यालाही नडतो. गार पेल्याच्या बाहेर जे दव धरतं ते वरवरचं वाटलं तरी साधं नसतं. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती पेल्यात शिरते. एक ग्रॅम दव धरलं की तेवढ्या उष्णतेत सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळू शकतो. रत्नागिरीच्या मे महिन्यात पातळ स्टीलचा पेला पाच मिनिटांत घामाघूम होतो, तेव्हा आतला बर्फ का संपतो याचं उत्तर त्या घामातच आहे. जाड काचेचा पेला त्यामानाने सावकाश तापतो. मी तरी बर्फाच्या सरबताला काचेचाच पेला काढतो.

आता बर्फाच्या आकाराकडे. तीन सेंटिमीटर बाजूचा चौकोनी खडा घ्या. त्याचा पृष्ठभाग ५४ चौरस सेंटिमीटर. तोच खडा एकेक सेंटिमीटरच्या सत्तावीस तुकड्यांत फोडला तर बर्फ तेवढाच राहतो, पृष्ठभाग मात्र १६२ चौरस सेंटिमीटर होतो. पेयाला बर्फ भेटतो तो पृष्ठभागावर, त्यामुळे चुरा झपाट्याने गार करतो आणि झपाट्याने वितळतो.

मोठा खडा कमी पाणी करतो असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. पेय ३२ वरून ५ अंशांवर न्यायचं असेल, तर खडा मोठा असो की लहान, वितळायचा बर्फ जवळपास तेवढाच. फरक वेळेचा. चुरा एक-दोन मिनिटांत पेयाला शून्याजवळ नेतो, मोठा खडा रेंगाळतो आणि बराच वेळ पेय आठ-दहा अंशांवरच राहतं. कमी पाणी झालं, कारण कमी गार झालं. म्हणून दोन घोटांत संपवायच्या पेयाला चुरा आणि तासभर सोबत करायच्या पेयाला मोठा खडा, हे मला पटतं. गोव्यात फेणी किंवा कुणाकडे व्हिस्की सावकाश घेतली जाते तिथे एकच मोठा खडा असावा, तो याच कारणासाठी.

चुऱ्याबरोबर आणखी एक गोष्ट येते. प्रत्येक कणाला पाण्याचा पातळ थर चिकटलेला असतो. कण जितके बारीक, तितकं हे आयतं पाणी जास्त, आणि ते गार करण्याचं काम आधीच करून मोकळं झालेलं असतं. हे ओळखायची सोपी खूण बोटांत आहे. फ्रीझरमधून काढलेला खडा बोटाला चिकटतो, तो कोरडा. गोणपाटात गुंडाळून आलेल्या लादीचा तुकडा बोटांतून निसटतो, तो ओला, शून्यावर आलेला. ओला बर्फ वापरायचाच असेल तर आधी चाळणीत निथळू द्यावा. पाकाच्या एका चमच्याइतका फरक पडतो.

पण कोरडा, कडक गोठलेला खडा थेट कोमट सरबतात टाकला की ‘टक्’ असा आवाज येतो. बाहेरचा थर एकदम तापतो, आतला गोठलेलाच असतो, आणि त्या ताणाने खडा तडकतो. तडकलेल्या प्रत्येक भेगेतून नवा पृष्ठभाग उघडा पडतो. मोठा खडा अखंड हवा असेल तर तो काही मिनिटं बाहेर ठेवावा. अंगावरची पांढरी साय जाऊन तो चकाकू लागला की पेल्यात सोडावा.

सोड्यालाही हेच लागू. फ्रीझरमधल्या खड्यावरच्या खरखरीत हिमकणांत बुडबुड्यांना जन्म घ्यायला असंख्य जागा मिळतात. वरून लिंबू-सोडा ओतला की फेस उसळतो आणि गॅस पेयातून निघून जातो. खडे आधी पाण्याने विसळून घेतले, ते पाणी टाकून दिलं आणि सोडा पेल्याच्या कडेने ओतला तर चुरचुर टिकते. सोडा मुळात गार असणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण शून्य अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्याच्या जवळपास दुप्पट कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं.

इथवर पाण्याची गोष्ट झाली. थंडी मात्र जिभेवरही काम करते. गोडी ओळखणाऱ्या पेशींमध्ये संदेश पुढे नेणारं एक प्रथिन असतं, ते थंडीत मंदावतं. बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली हे दाखवून दिलं. आंबटपणा थंडीत तितका दबत नाही. म्हणून कोमट असताना बरोबर वाटलेलं पन्हं बर्फ पडल्यावर आंबट लागतं: गूळ पातळ झाला आणि जिभेला कमी कळूही लागला. वेलची-केशराचा वासही गार पेयातून कमी उडतो. गोळेवाल्याचा पाक नुसता चाटला तर घशाला बसेल इतका गोड असतो, त्याचं कारणही हेच.

त्या गोळेवाल्याचे हात एकदा नीट बघावेत. उलटा बसवलेला रंधा, पात्याची धार वर. लादीचा तुकडा फडक्यात धरून तो पात्यावरून पुढे-मागे सरकवतो, आणि खाली ओंजळीत कापसासारखा भुगा जमतो. काडीभोवती भुगा दाबताना तो दोनदाच दाबतो. फार दाबला तर गोळ्याचा दगड होईल आणि पाक आत न मुरता ओघळून जाईल, कमी दाबला तर काडीवरून सुटेल. भुगा ओलसर असतो म्हणूनच त्याचे कण एकमेकांना धरतात. सरबतात नको असलेलं ते ओलेपण गोळ्याला हवंच असतं. एखाद्या दोषाचा असा उपयोग करून घेणारी ही कारागिरी मला मनापासून आवडते.

सोलकढीत मात्र बर्फ टाकू नये असं माझं ठाम मत आहे. कोकमाच्या आगळाचा आंबटपणा पातळ होतोच, शिवाय फार गार झाल्यावर नारळाचा स्निग्धांश घट्ट होतो आणि टाळूवर तुपकट थर बसतो. सोलकढीचं भांडं गार पाण्यात ठेवून गार करावं, दुसरं पाणी भांड्याबाहेरच राहील.

शेवटी, बर्फ कसला? पाणी गोठताना स्फटिक फक्त पाण्याचे रेणू घेतो आणि विरघळलेली हवा व क्षार पुढे ढकलत जातो. ट्रेमध्ये थंडी सगळ्या बाजूंनी येते, त्यामुळे ढकललेलं सगळं मधोमध कोंडतं. खड्याच्या पोटातला पांढरा ढग तो हाच. तिथे बर्फ ठिसूळ असतो, लवकर तडकतो. बोअरच्या पाण्याचा खडा वितळला की त्याचे क्षारही पेल्यात उतरतात. तलाव मात्र वरून खाली, एकाच दिशेने गोठतो आणि नको ते खालच्या पाण्यात ढकलतो. म्हणून तलावाचा बर्फ काचेसारखा असतो. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली असाच बर्फ ‘टस्कनी’ जहाजाने कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळूनही सुमारे शंभर टन पोचला. पुढे मुंबईतही या अमेरिकन बर्फासाठी बर्फघर उभं राहिलं. लंडनमध्ये अमेरिकेतल्याच वेनहॅम तलावाच्या बर्फाची लादी दुकानाच्या खिडकीत ठेवून तिच्यामागे वर्तमानपत्र लावत, आणि लोक लादीतून ते वाचत.

घरीही तलावाची नक्कल करता येते. अमेरिकन लेखक कॅम्पर इंग्लिश यांनी २००९च्या सुमारास ही युक्ती प्रसिद्ध केली. जाड भिंतींचा लहान आइसबॉक्स पाण्याने भरायचा आणि झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवायचा. थंडी फक्त वरून शिरते. साधारण दिवसभराने, तळाचं पाणी गोठायच्या आत, तो बाहेर काढायचा आणि तळाचा भाग टाकून द्यायचा. हाती येते ती आरपार दिसणारी लादी. कारखान्यात मिठाच्या अतिथंड पाण्यात पत्र्याचे डबे बुडवून लाद्या करतात. त्यातही मधोमध पांढरी रेघ राहते. विकतचा बर्फ घेताना रंग बघावा: २०१८ साली महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने खाण्याजोगा नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचं बंधन घातलं. निळसर लादी मासळीसाठी, पेल्यासाठी नव्हे.

आणि वास. उघड्या ट्रेतला बर्फ फ्रीझरमधल्या सुरमईचा, आल्या-लसणाच्या वाटणाचा वास पृष्ठभागावर धरतो. बर्फ झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि जुना खडा आधी नुसता चोखून बघावा. त्याला जी चव असेल ती सरबताला येणार.

पुढच्या वेळी सरबत केलंत की चमच्याने लगेच चाखू नका. वाटीत तीन-चार चमचे सरबत घ्या, त्यात एक खडा टाका, मिनिटभर फिरवा आणि मग प्या. फिकं लागलं तर पातेल्यात आणखी पाक घाला, पाण्याला हात लावू नका.