हिमप्रदेशातील सोन्याचे ढीग

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यातील युकॉन हा मुलूख सोन्यासाठी जितका प्रसिद्ध, तितकाच थंडीसाठीही. १८९६ साली क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोने सापडल्यावर तिकडे धावलेल्या हजारो लोकांना गोठलेली जमीन लाकडे जाळून थोडी थोडी वितळवावी लागली. आणि याच मुलुखातील स्नॅग येथे १९४७ च्या फेब्रुवारीत पारा शून्याखाली ६३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद सरकारी दप्तरी आहे. अशा ठिकाणी उघड्या आकाशाखाली खडकांचा डोंगर रचून त्यात बारा महिने पाणी मुरवीत राहायचे, ही कल्पना प्रथमदर्शनी अविचाराची वाटेल. तथापि मेयो गावाच्या उत्तरेस ईगल खाणीत २०१९ च्या सप्टेंबरात याच रीतीने मिळविलेले पहिले सोने ओतले गेले, आणि शेजारच्या अलास्कात फेअरबँक्सजवळील फोर्ट नॉक्स खाणीत ही पद्धत २००९ पासून चालू आहे.

या खटाटोपाचे कारण खनिजाच्या दारिद्र्यात आहे. ईगलच्या खडकात टनामागे सोने भरते ते ग्रॅमचा सुमारे दोन-तृतीयांश भाग. म्हणजे वाटेतील घट धरता एका तोळ्यासाठी वीस टनांहून अधिक खडक फोडावा लागतो. इतका खडक पिठासारखा दळणे परवडत नाही, म्हणून तो केवळ भरडून, खाली अभेद्य अस्तर अंथरलेल्या दरीत थरावर थर रचतात आणि ठिबक नळ्यांतून त्यावर सोडियम सायनाईडचे अत्यंत विरल द्रावण सोडतात. विषारी वायू सुटू नये यासाठी त्यात चुना घालून ते अल्कधर्मी राखलेले असते. सायनाईडने सोने विरघळविण्याची ही विद्या ग्लासगोच्या मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ साली विकसित केली. ढिगातून झिरपलेले सुवर्णयुक्त पाणी पुढे सक्रिय कोळशातून जाते. तो बहुधा नारळाच्या करवंट्यांपासून केलेला असतो, म्हणजे हिमप्रदेशातले सोने पकडण्याचे काम उष्ण किनाऱ्यावरच्या झाडाकडे येते. कोळशावर बसलेले सोने धुऊन काढतात, विजेच्या साहाय्याने पत्र्यांवर उतरवितात आणि शेवटी मुशीत वितळवून त्याच्या लगडी पाडतात.

थंडीने या रसायनक्रियेचा वेग मंदावतो हे खरे. परंतु सोने विरघळण्यास जो प्राणवायू लागतो तो थंड पाण्यात अधिक मावतो, त्यामुळे क्रिया बंद पडत नाही. खरा शत्रू बर्फ. पाणी एकदा ढिगात गोठले की त्याच्या वाटा बुजतात आणि त्याखालचा खडक कोरडाच राहतो. म्हणून ठिबक नळ्या पृष्ठभागावर न ठेवता भरडीत खोल पुरतात, गरजेप्रमाणे द्रावण तापवितात, आणि ते उघड्या तळ्यात न साठविता ढिगाच्या पायथ्याशी, खडकांच्या फटींतच साठवितात. वर साचलेले हिमही पांघरुणासारखे उपयोगी पडते. गोठलेल्या थरावर नवा थर पडून बर्फ आतच कोंडला जाऊ नये म्हणून ऐन कडाक्याच्या महिन्यांत नवी भरड रचण्याचे काम तहकूब ठेवण्याची तजवीज ईगलच्या आराखड्यात होती.

परंतु हिवाळ्याचा बंदोबस्त झाला म्हणजे पाण्याचा बंदोबस्त झाला असे नव्हे. महिनोन्महिने साठलेले हिम वसंतात थोड्या आठवड्यांत वितळते, आणि त्या पाण्याला सामावून घेण्याची जागा आधीच राखून ठेवावी लागते. ढिगात किती पाणी आले, किती मुरले आणि किती उरले याचा हिशेब हाच या कारखान्याचा खरा जमाखर्च होय. पाच हिवाळे निभावून नेलेल्या ईगलचा ढीग कोसळला तो उन्हाळ्यात, २४ जून २०२४ रोजी. लाखो टन खडक घसरला, त्यातील मोठा भाग पायथ्याचा बंधारा ओलांडून गेला, आणि सायनाईडयुक्त पाणी हॅगर्ट ओढ्याच्या खोऱ्यात उतरले. हा सारा प्रदेश नाचो न्याक दुन या आदिवासी समाजाच्या परंपरागत भूमीत मोडतो. त्याच ऑगस्टात सरकारच्या अर्जावरून न्यायालयाने खाणीवर रिसीव्हर नेमला आणि पाणी शुद्ध करण्याच्या कामासाठी सरकारी तिजोरी उघडावी लागली.

कडाक्याच्या थंडीतही ढिगातून सोने निघते, हे अभियंत्यांनी निर्विवाद सिद्ध केले आहे. तथापि अशा खाणीला परवाना देताना सरकारने तेवढ्यावर संतुष्ट होऊ नये: ढीग आणि त्यातील पाणी जागेवर राहील याची हमी, आणि न राहिल्यास निस्तरण्यापुरती रक्कम, पहिला थर रचण्यापूर्वीच वसूल करून घ्यावी.