रक्ताचा डाग आणि गार पाणी

विळीवर कापलेले बोट, मुलाचा फुटलेला गुडघा, उन्हाळ्यात फुटणारा घोळणा, मासिक पाळी... कपड्यांना रक्ताचे डाग घरोघरी पडतच असतात. डाग दिसताच हात आपसूक गीझरच्या नळाकडे वळतो. कढत पाण्याने मळ सुटतो हा अनुभव खरा. पण तो येथे उलटतो. रक्तात हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन अशी प्रथिने असतात. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने जसा थिजतो, तशीच ही प्रथिने थिजून धाग्यांत रुतून बसतात. म्हणून गार पाणीच वापरावे. कपडा उलटा करून डागाच्या मागच्या बाजूने नळाची धार सोडावी, म्हणजे रक्त आल्या वाटेने बाहेर पडते. ताजा डाग बहुधा एवढ्याने आणि साध्या साबणाने निघतो.

वाळलेला डाग मात्र चिवट. पाळीचे डाग तर अनेकदा केवळ संकोचामुळे वाळतात. डागाळलेली चादर वा परकर सर्वांची नजर चुकेपर्यंत मोरीच्या कोपऱ्यात दडवला जातो आणि त्या काही तासांत लाल रंग तपकिरी होतो. तो कपडा निदान गार पाण्यात बुडवून ठेवला तरी पुढचे निम्मे काम हलके होईल. वाळलेल्या डागासाठी लिटरभर गार पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून कपडा तासभर भिजवावा. तरीही खूण उरल्यास एन्झाइमयुक्त पावडरीच्या पाण्यात रात्रभर ठेवावा. त्यातील प्रोटीएज प्रथिनांचे तुकडे पाडते. पाचकरसाला असे धुण्याच्या कामी जुंपण्याची कल्पना जर्मन रसायनतज्ज्ञ ओटो रोम यांची, १९१३ सालची. रेशीम आणि लोकर हीदेखील प्रथिनेच. त्यांना ही पावडर वर्ज्य.

पांढऱ्या सुती कपड्यावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड गुणकारी ठरते. दुकानातील द्रावण ६ टक्क्यांचे असेल तर तेवढेच पाणी मिसळावे. रक्तातील कॅटालेजमुळे फसफसून फेस येतो. फेस आला म्हणजे डाग गेला, असे नव्हे. रंगीत कपड्याचा रंग उडू शकतो, तेव्हा आधी शिवणीच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून पाहावे. डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री आणि गरम ड्रायर दूर ठेवावेत.

रक्त दुसऱ्याचे असेल तर रबरी हातमोजे हवेतच. हिपॅटायटिस-बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही ७ दिवस तग धरू शकतो. आणि डाग मारहाणीतून वा अत्याचारातून पडला असेल, तर कपडा धुऊच नये. तो पुरावा असतो. तो तसाच सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावा व पोलिसांकडे द्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणामुळे रक्ताचे नमुने खराब होतात.